डोंगरातल्या सायकलिंगचे फोटो: १५ हजारांत कुठली लेन्स?

कर्वेनगरी | रविवार, रात्री ९:१०

मंडळी, नमस्कार. तीन वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

मुलगी अकरावीत आहे. दीड वर्षापूर्वी तिला डोंगरात सायकल हाणायचं वेड लागलं. दर रविवारी उजाडता उजाडता ती, तिचे दोन मित्र आणि मी असे टेकडीवर जातो. ती तिघं वरून खाली सुटतात, मी फोटो काढतो. कॅमेरा कॅनन २००डी, लेन्स त्याच्यासोबत आलेली १८-५५.

दुखणी दोन आहेत. एक म्हणजे दहातले आठ फोटो हललेले येतात. दुसरं, जो उतार बघून माझ्या पोटात गोळा येतो तो फोटोत सपाट दिसतो. लेकीचे शब्द देतो: "बाबा, तुमच्या फोटोत मी दळण आणायला निघाल्यासारखी दिसते."

बजेट १५ हजार, फार ताणलं तर १८. सेकंडहँड चालेल. ५० एमएम १.८, ५५-२५० आणि १०-१८ अशा तीन लेन्सवर घोळ चाललाय. फार वजनदार नको, डावा गुडघा कुरकुरतो. कुणी डोंगरात सायकलींचे फोटो काढत असेल तर सांगा.

लेन्सेश्वर | रविवार, रात्री ९:३२

७०-२०० एफ २.८, लांबचं जवळ आणणारी आणि भरपूर उजेड घेणारी. खेळाचे फोटो काढायचे तर दुसरा पर्याय नाही. बाकी सगळी खेळणी आहेत. थोडं थांबा, पैसे साठवा आणि एकदाच घ्या.

पुडीचहा | रविवार, रात्री ९:३५

लेन्सेश्वर, थोडं म्हणजे किती? मुलगी शिकून नोकरीला लागली की तीच घेऊन देईल, तोवर का?

जुनाबाजार | रविवार, रात्री १०:०४

लेन्सेश्वरांची लेन्स दीड किलोच्या आसपास भरते आणि जुनी घेतली तरी तुमच्या बजेटच्या कैक पट जाते. गुडघ्याचं काय ते तुम्ही बघा.

मी पंधरा वर्षं जुन्या लेन्सची देवाणघेवाण करतोय. आमच्या मुंबईत बोरा बाजारात चक्कर मारली की निम्म्या किमतीत काम होतं, पण डोळे उघडे ठेवून. ५५-२५० घ्यायची ठरली तर नाव शेवटपर्यंत वाचा. पहिली आयएस (हाताची थरथर सावरणारी) २००७ची, मग २०११ला आयएस टू आली आणि २०१३ला आयएस एसटीएम (एसटीएम म्हणजे फोकसची स्टेपिंग मोटर). दिसायला सगळ्या बहिणी, पण फोकस धावतो तो एसटीएमचाच. विकणारा नुसतं "५५-२५० आयएस" म्हणाला की समजायचं, पोतडीत जुनी आहे. वजन ३७५ ग्रॅम. माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायची कडी, प्लास्टिकचा, त्याचं टेन्शन घेऊ नका, वापरून वापरून माझा अजून शाबूत आहे.

५० एमएमचंही तसंच. १.८ टू ही १९९०ची, प्लास्टिक माउंटची, फोकस करताना मिक्सरसारखी घरघरते. २०१५ची एसटीएम घ्या. धातूचा माउंट, १६० ग्रॅम, खिशात मावते.

कुठलीही जुनी लेन्स घेताना मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने आत मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. दुकानदार "धूळ आहे हो" म्हणेल. नमस्कार करून निघायचं.

वेंधळी | रविवार, रात्री १०:२०

थांबा की सगळे! रोग्याला तपासलं नाही आणि औषधाची बाटली कुठली ते ठरवताय.

कर्वेनगरी, दोन-तीन फोटो निवडा, हललेले आणि चांगले दोन्ही. कॅमेऱ्यात फोटो उघडून माहितीचं बटण दाबत राहिलात की आकडे येतात. शटर स्पीड (पडदा किती वेळ उघडा राहिला), अ‍ॅपर्चर (लेन्स किती उघडली; आकडा लहान तितका उजेड जास्त), आयएसओ (उजेड किती वाढवून घेतला) आणि फोकल लेंथ (लेन्स किती लांबचं जवळ आणते, एमएममध्ये) इथे लिहा. मोड कुठला ठेवता तेही.

चिखलगुट्टा | रविवार, रात्री ११:४५

मी वेंधळीच्या पाठीशी. माझा एक प्रश्न जास्तीचा: फोटो काढताना तुम्ही उभे कुठे राहता?

कर्वेनगरी | सोमवार, सकाळी ७:५०

एवढे प्रतिसाद! आभार.

वेंधळीताई, फोटोच्या पोटात ही सगळी कुंडली असते हे मला आज कळलं. मोड "पी" (शटर आणि लेन्सची उघडीप कॅमेराच ठरवतो), कारण दुकानदाराने तोच लावून दिला होता.

मार्चमधला, चांगला आलेला: १/१२५०, ५.६, आयएसओ ४००, ५५ एमएम.
परवाचा, हललेला: १/१६०, ५.६, आयएसओ १६००, ५५ एमएम.
परवाचा दुसरा: १/१२५, बाकी तेच.

जागा तीच, वेळ तीच, मुलगी तीच. मार्चमध्ये जमलं ते जुलैत का बिघडलं?

चिखलगुट्टा, मी वरच उभा राहतो, ते जिथून सुटतात तिथे. खाली उतरलो तर परत चढावं लागतं.

चिखलगुट्टा | सोमवार, सकाळी ८:०२

दळणाचं कोडं सुटलं. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आता ऑफिसची बस.

गणितमास्तर | सोमवार, सकाळी ९:१५

ताशी ३० किमी धरू. म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. १/१६० सेकंदात सायकल ५ सेंटिमीटरहून जास्त सरकते. बाजूने फोटो काढला तर तेवढा फराटा फोटोत उतरणार. १/१००० ला तीच ८ मिलिमीटर सरकते, डोळ्याला खपून जातं.

अजून एक. २००डी सेकंदाला ५ फोटो काढतो. ८.३ भागिले ५ म्हणजे १.६ मीटरच्या वर. याचा अर्थ दोन फोटोंच्या मध्ये सायकल जवळपास स्वतःच्या लांबीइतकी पुढे गेलेली असते. तेव्हा "बटण दाबून धरतो, एखादा तरी बरा येईल" ही लॉटरी आहे. उडीचा सर्वांत वरचा क्षण नेमका दोन फोटोंच्या फटीत जातो.

पुडीचहा | सोमवार, सकाळी ९:२१

मास्तर, आम्हाला वाटलं शाळा सुटली.

लेन्सेश्वर | सोमवार, सकाळी १०:४०

५५-२५० मध्ये आयएस आहे ना, मग १/१६० ला हलायचा प्रश्न येतोच कुठे?

वेंधळी | सोमवार, सकाळी १०:५५

लेन्सेश्वर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आयएस तुमचा हात सावरतं. समोरून सुसाट येणाऱ्या पोरीला ते "जरा थांब" असं सांगत नाही.

सकाळचाफेरा | सोमवार, दुपारी १:३०

कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण बावीस वर्षं रोज पुण्यातल्या टेकड्यांवर फिरतोय म्हणून बोलतो.

मार्च आणि जुलैचं उत्तर झाडांत आहे. या टेकड्यांवर वनखात्याने लावलेली ग्लिरिसिडिया ऊर्फ गिरिपुष्पाची गर्दी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिची पानं झडतात, नुसत्या काड्यांवर गुलाबी फुलं असतात आणि ऊन थेट जमिनीवर पडतं. जुलैत तीच झाडं गच्च. वर ढग, खाली पानांचं छत. सकाळी सातला मला चष्मा असूनही दगड दिसत नाही.

आता तक्रार. टेकडीवर सायकली कशाला? पायवाटा पायांसाठी आहेत. ओल्या मातीत ब्रेक दाबून चाक घसरवत नेलं की चर पडतो, पुढच्या पावसात तोच ओहोळ होतो. मागच्या महिन्यात एक जण वळणावरून असा आला की आमच्या ग्रुपमधल्या साठीच्या बाई झुडपात बसल्या. "सॉरी काकू" खाली पोचल्यावर ऐकू आलं.

पुडीचहा | सोमवार, दुपारी १:४१

(पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

चिखलगुट्टा | सोमवार, संध्याकाळी ७:३०

काका, चराबद्दल शंभर टक्के सहमत. चाक लॉक करून घसरणारा सायकलवाला आमच्यातही शिव्याच खातो. मी स्वतः पाऊस पडून दोन दिवस उघडीप मिळाल्याशिवाय मातीवर जात नाही, आणि सकाळी साडेआठपर्यंत चालणाऱ्यांच्या वाटा टाळतो. पण "कशाला" याचं उत्तर तुम्ही चालायला का जाता तेच आहे हो. बाकी झुडपात बसलेल्या काकूंना आमच्यातर्फे खरंच सॉरी.

आता मूळ प्रश्न. उतार सपाट दिसतो कारण तुम्ही तो वरून बघता. वरून खाली कॅमेरा रोखला की जमीन चटईसारखी पसरते. त्यात १८ एमएम लावलीत तर संपलंच, पुढचा दगड मोठा आणि मागची दरी गायब. तीन गोष्टी करून बघा.

एक, उताराच्या बाजूला उभे राहा आणि कॅमेरा सरळ धरा. चौकटीत एखादं उभं झाड घ्या. झाड सरळ आणि सायकल तिरकी दिसली की बघणाऱ्याला चढ आपोआप कळतो. लोक नकळत कॅमेरा उताराला समांतर वाकवतात आणि डोंगराचं मैदान करून टाकतात.

दोन, खाली जाऊन वर बघत काढा, लांब लेन्सने. २०० एमएमच्या पुढे गेलात की मागचा उतार भिंतीसारखा अंगावर येतो. ५५-२५० तिथे कामाला येते.

तीन, बसा. गुडघा दुखत असेल तर बूड टेकवून बसा, पण कॅमेरा सायकलच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्याच्या, उंचीला आणा. उडी पोटाच्या उंचीची असली तरी तिथून डोक्यावरून गेल्यासारखी दिसते.

आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही उभं राहू नका. सायकल सुटली की तिकडेच येते. मी ते एकदा केलंय. लेन्सचं हूड फुटलं, मांडीवर चेनरिंगचे (पॅडलजवळच्या दातेरी चकतीचे) दात उमटले. हूड नवीन आणलं, दात अजून दिसतात.

उत्तरकिनारा | सोमवार, रात्री ११:५८ (आमच्याकडे सकाळ)

नॉर्थ व्हँकुव्हरहून. मूळची नाशिककर, अकरा वर्षं इकडे. इथे आमचं सगळं सायकलिंग देवदारासारख्या उंच झाडांखाली चालतं. लाकडी फळ्यांचे पूल, ओली मुळं, आणि डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो. थोडक्यात तुमचा जुलै इथे वर्षातले आठ महिने असतो.

मी पण आधी ५५-२५० घेतली होती. उघड्यावर झकास. झाडीत शिरले की २५० एमएमला ५.६च्या पलीकडे उघडत नाही, मग आयएसओ ६४०० करा आणि रव्यासारखे दाणे मोजत बसा. शेवटी जुनी ८५ एमएम १.८ घेतली. १९९२ची डिझाइन आहे पण फोकस अजून चपळ. तुमच्या कॅमेऱ्यावर मात्र ८५ फार लांब पडेल, त्याचा सेन्सर छोटा, म्हणून १.६ने गुणलं की १३६. टेकडीवरच्या अरुंद वाटेवर मागे सरकायला जागा कुठून आणणार? ५० म्हणजे ८०, ते बरं.

फक्त एक सांगते, १.८ आहे म्हणून १.८वरच काढू नका. तीन मीटरवरून आलेल्या सायकलचं हँडल स्पष्ट आणि मागचं चाक लोण्यात, असं होतं. माझे पहिले शंभर फोटो हँडलचे आहेत.

गणितमास्तर | मंगळवार, सकाळी ८:१०

ताईंचं बरोबर. ५० एमएमला १.८वर ३ मीटर अंतरावर जेमतेम पाव मीटर खोलीच स्पष्ट येते. ५ मीटरवर ती पाऊण मीटरच्या आसपास जाते. दोन पावलं मागे सरका आणि २ किंवा २.२ वर ठेवा.

कर्वेनगरींचेच आकडे घेऊ. ५.६, आयएसओ १६००, १/१६०. त्याच उजेडात २ वर उघडलं तर आठपट प्रकाश आत येतो, म्हणजे १/१२५०. मार्चमधला शटर स्पीड जुलैत परत मिळाला, आयएसओ न वाढवता. ५५-२५० घेतली तर तिथे आयएसओ ६४०० करूनही १/६४०.

लेन्सेश्वर | मंगळवार, सकाळी ९:०२

आणि माझ्या २.८ ला चौपट. १/६४०, आयएसओ १६००. लिहा मास्तर, लिहा.

जुनाबाजार | मंगळवार, सकाळी ९:१०

लिहिलं. किंमतही लिहू का?

नवाभिडू | मंगळवार, सकाळी ११:२५

एवढं सगळं करण्यापेक्षा मोबाईलने ४के व्हिडिओ काढा आणि त्यातली फ्रेम उचला. किंवा मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्या. तुमचा आरशाचा डीएसएलआर मेला आता.

पुडीचहा | मंगळवार, सकाळी ११:२६

आला. प्रत्येक धाग्यात अकराव्याच्या वेळी येतो तसा आला.

वेंधळी | मंगळवार, दुपारी ३:१५

नवाभिडू, झाडीत मोबाईल व्हिडिओची फ्रेम उचलून बघा, तिचीही शटर स्पीडची रड असते. मिररलेसवर आत्ताच्या कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरने चालतात, म्हणजे आज घेतलेलं वाया जात नाही. एवढंच त्यातलं कामाचं.

कर्वेनगरी, लेन्स घ्यायच्या आधी येत्या रविवारी असलेल्या लेन्सने हे करा. मोड "टीव्ही" (यात शटर आपण ठरवायचा). शटर १/६०. आयएसओ १०० ते ४००. बाजूला उभे राहा, मुलगी समोरून आडवी जाणार अशा जागी. तिच्या हेल्मेटवर मधला बिंदू ठेवून कमरेतून वळत राहा, आणि वळता वळता बटण दाबा. दाबल्यावरही वळायचं थांबू नका. मागची झाडं रेघा होतील, ती स्पष्ट राहील. वीसातला एक जमेल, पण त्यात वेग असा दिसेल की दळण वगैरे कुणी म्हणणार नाही. खर्च शून्य.

दुसरं. येण्याची जागा ठरलेली असेल तर तिथे एक दगड ठेवा, त्यावर फोकस करा, मग लेन्सचं बटण एएफवरून (आपोआप फोकस) एमएफवर (हाताने फोकस) सरकवा आणि वाट बघा. चाक दगडापाशी आलं की एकच फोटो. मास्तरांच्या लॉटरीपेक्षा बरं. फक्त एसटीएम लेन्सची रिंग विजेवर चालते, कॅमेरा झोपला असेल तर ती कितीही फिरवा, आत काही हलत नाही. मी एकदा पाच मिनिटं फिरवत बसले होते. नावाला जागते.

आणि दोन्ही लेन्स एक दिवस भाड्याने आणून बघा ना. पाच-सहाशेत काम होईल.

सकाळचाफेरा | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

दगड वाटेवर ठेवलात तर काढून ठेवा जाताना. आम्ही ठेचाळतो.

चिखलगुट्टा | मंगळवार, संध्याकाळी ६:५५

काका, पान ठेवू. :)

उत्तरकिनारा | मंगळवार, रात्री ११:४०

१०-१८ वर कुणीच बोललं नाही म्हणून. माझ्याकडे आहे, २४० ग्रॅम, गंमतीची चीज. जमिनीला टेकवून हातभर अंतरावरून चाक गेलं की फोटो थरारक येतो. पण ४.५ पासून सुरू होते, म्हणजे झाडीत परत तेच रडगाणं, आणि पोरीचा वाटेवर ताबा पक्का असेल तरच. पहिली लेन्स म्हणून नको.

---

कर्वेनगरी | रविवार, दुपारी ४:२० (तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, माफी. मध्ये पावसाने दोन रविवार खाल्ले. सकाळचाफेरा काकांचं ऐकून ओल्यात गेलो नाही.

आज सकाळी ५० आणि ५५-२५० दोन्ही भाड्याने घेऊन गेलो. उतरलो खाली. लेकीने हात दिला, तरी दोनदा बसलो. वाटेच्या आतल्या बाजूला, बूड टेकवून, कॅमेरा हबच्या उंचीला. ग्लिरिसिडिया म्हणजे अगदी हिरवा मंडप होता.

५५-२५०ने वर बघत काढले. उतार खरंच भिंतीसारखा आला, बघून मीच दचकलो. पण आयएसओ ६४०० करूनही कसेबसे १/५००, आणि मोठे करून बघितले की चेहऱ्यावर रवा. मग ५० लावली, २.२ वर, सागाच्या वाळक्या पानावर फोकस करून वाट बघत बसलो. १/१०००. वीस फेऱ्यांत अकरा फोटो स्पष्ट आले. एकात पुढच्या टायरवरून उडालेला मातीचा खडा हवेत टांगलेला दिसतोय, त्याची सावलीसुद्धा तिच्या ढोपराच्या पॅडवर पडलीय. तो फोटो मी गाडीत बसून दहा मिनिटं बघत होतो.

१/६० वालं पॅनिंग, म्हणजे वळता वळता काढणं, तीसात एक जमलं. तो एक लेकीने लगेच डीपीला लावला.

निकाल: ५० एसटीएम घेतली, सेकंडहँड, टॉर्च मारून. दुकानदार म्हणाला "धूळ आहे हो", म्हणून पहिली नाकारली, दुसरी घेतली. उरलेल्या पैशांतून निकॅप आणि सिलिका जेल. ५५-२५० फेब्रुवारीत, पानं झडल्यावर.

आणि हो, चिखलगुट्टांनी सांगितल्याप्रमाणे उभ्या झाडासोबत बाजूने काढलेला एक तिला दाखवला. म्हणाली, "आता डबा सांडेल असं वाटतंय."

पुडीचहा | रविवार, दुपारी ४:२८

गहू की ज्वारी?

लेन्सेश्वर | रविवार, दुपारी ५:०५

खडा हवेत टांगलेला फोटो टाका. २.८ ने कसा आला असता ते सांगतो.

सकाळचाफेरा | रविवार, संध्याकाळी ६:१५

ओल्यात गेला नाहीत, बरं वाटलं. फेब्रुवारीत सायकलींना घंटी लावा तेवढी. त्या वळणावर मी पावणेसातला असतो.

जुनाबाजार | रविवार, रात्री ९:३०

५५-२५० एसटीएमचा एक पीस माझ्याकडे येतोय, हूडसकट. फेब्रुवारीपर्यंत कोरड्या डब्यात ठेवतो. टॉर्च घेऊन या.